फेरातली आठवी जागा

त्या शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं, की शुभ्राला स्वतःच्या पायातल्या चपलासुद्धा नीट दिसत नव्हत्या.

साल १९९९, महिना जानेवारी. दुबईत पावसाची वाट बघण्यात अर्थ नसतो. पण थंडीतल्या एखाद्या सकाळी खाडीवरून धुकं उठतं आणि रास अल खोरची सगळी गोदामं गिळून बसतं. शुभ्राचे बाबा, सदानंद कारखानीस, तिथल्या एका कापडाच्या गोदामाचे मॅनेजर. सुट्टीच्या दिवशी माल उतरवून घ्यायचा म्हणून ते घाईने निघाले आणि किल्ल्यांचा जुडगा फ्रिजवरच विसरले. तो द्यायला शुभ्रा टॅक्सीने आली होती. टॅक्सीवाला "इधरही है मॅडम, यल्ला" म्हणाला आणि तिला धुक्यात सोडून निघूनही गेला.

एकसारखी पत्र्याची शेडं, एकसारखी दारं. त्यांतलं एक अर्धवट उघडं दिसलं. ती आत शिरली.

आत माल नव्हता. माणसं नाचत होती.

आणि आवाज कसलाच नव्हता. ढोल नाही, गाणं नाही… सात आफ्रिकी माणसं, चार पुरुष आणि तीन बायका, अनवाणी पायांनी गोल फिरत होती. सुपात तांदूळ घोळवावेत तशी तळव्यांची घसट तेवढी ऐकू येत होती. फेर मोठा देखणा होता. पण त्यात एक जागा रिकामी होती. हसऱ्या तोंडातला एक दात पडलेला असावा, तशी.

इथे शुभ्राकडून एक चूक झाली. ती एका भारतीय शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची आणि दर नवरात्रात मराठी मंडळाच्या मुलींचा भोंडला बसवायची. भोंडल्याच्या फेरात मोकळी जागा दिसली, की पटकन शिरायचं, दोन्हीकडचे हात धरायचे आणि फेर पुरा करायचा, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तिने विचार केलाच नाही. चपला काढल्या, चार पावलं टाकली आणि त्या जागेत उभी राहून दोन्ही हात पसरले.

सातही जण जागच्या जागी थिजले.

तिच्या टाचेखालची वाळू बर्फासारखी गार होती.

"सॉरी, चिल्ड्रन," ती गडबडून म्हणाली. तोंडात वर्गातलेच शब्द आले.

समोरच्या उंच माणसाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत राग नव्हता. उलट काहीतरी फार जुनं, थकलेलं असं होतं…

"मिस," तो शांतपणे म्हणाला, "ती जागा मोकळी नाही."

त्या दोघांचं बोलणं पुढेही असंच चालायचं, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी. हिंदी तो काम करायचा त्या हॉटेलातल्या आपल्याकडच्या आचाऱ्यांकडून शिकला होता. आपण ते मराठीत ऐकू.

शुभ्रा मागे सरली आणि सहज खाली बघितलं. रिकाम्या जागी कोणीतरी चाळलेली बारीक वाळू हातभर पसरून ठेवली होती. तीत तिच्या पावलांचे ठसे उमटले होते. आणि त्यांच्या शेजारी आणखी एक पाऊल होतं. अरुंद, लांब बोटांचं, टाच दोनदा टेकवलेलं.

ते तिचं नव्हतं.

*

किल्ल्या बाबांना मिळाल्या. बाबा म्हणाले, ते शेड आमच्याच कंपनीचं, रिकामं पडलंय. वॉचमन गनीने त्या नाचणाऱ्यांना शुक्रवारी सकाळी दोन तास वापरू दिलंय, ढोल वाजवायचा नाही या अटीवर. तू त्यात पडू नकोस.

शुभ्रा पडली. पुढच्या शुक्रवारी ती आपण होऊन बाबांचा डबा घेऊन आली. बाबांना डबा लागत नसे.

गनीचाचा रत्नागिरीकडचे. वीस वर्षं आखातात काढलेला, तोंडाचा फटकळ पण मनाचा मऊ माणूस. ते ट्रेमध्ये चहाचे कप मांडत होते. शुभ्राने मोजले. आठ.

"नाचणारे सातच आहेत ना, चाचा?"

"मी बी तसंच म्हणायचो, बाय. सात कप नेले की एक फुटायचा. हातातून सुटून, खाली पडून, कसाही. आठ न्यायला लागलो तेव्हापासून एक नाही फुटला." त्यांनी ट्रे उचलला. "आठवा कोणी पीत नाही. पण एकाच किटलीतला चहा… बाकीचे सात गरम असतात आणि तो गार. हात लावून बघ."

तिने हात लावून बघितला, आणि पटकन ओढणीत लपवला.

त्या उंच माणसाचं नाव बकारी. त्याची गोष्ट तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली, नाचाच्या मधल्या विश्रांतीत, कापडाच्या रिकाम्या रिळांवर बसून.

तो टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याचा. वडील बंदरात खारफुटीचे वासे जहाजांवर चढवायचे. जुन्या दुबईतल्या घरांच्या छपरांना तेच वासे आहेत, हे तो अभिमानाने सांगायचा. बकारीही दहाव्या वर्षापासून वासे ओढू लागला. एक वासा पायावर पडला आणि डाव्या पायाची करंगळी गेली. चार बोटांचा पाय घेऊन हा पोरगा लग्नाघरी बायकांच्या घोळक्यात नाचायला शिकला, मग गावोगाव फिरणाऱ्या एका नाचगटात गेला. वीस वर्षांचा असताना तो स्वतः नाच बसवायला लागला होता.

१९९४ साली त्याला दुबईच्या एका हॉटेलात काम मिळालं. तिथे त्याला पिसांचा घागरा आणि प्लास्टिकचा भाला दिला गेला. पाच वर्षं तो पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलांमधून भाला नाचवत होता. करार मार्चअखेर संपत होता. त्याआधी हॉटेलातल्याच सहा साथीदारांना घेऊन त्याला स्वतःचा एक नाच पुरा करायचा होता. एकच.

"मग करा की," शुभ्रा म्हणाली.

"शेवट माहीत नाही, मिस. तो नेएमाचा नाच आहे."

नेएमा त्याची जोडीदार. नाचातली, आणि पुढे संसारातलीही होणार होती. तो दुबईला आला तेव्हा ती हा नाच बसवत होती. तीन महिन्यांत तुला बोलावतो, असं त्याने कबूल केलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. बकारीचा पासपोर्ट हॉटेलच्या मॅनेजरच्या कपाटात होता आणि मॅनेजर रजेवर. बातमी आली त्या संध्याकाळीही बकारीने भाला नाचवला.

"माझ्या जुन्या गटाचा एक रिवाज आहे," तो म्हणाला. "ज्याचा नाच अपुरा राहिला, त्याची जागा फेरात ठेवायची. वाळू चाळून पसरायची. ज्या दिवशी वाळू सपाट राहील, त्या दिवशी समजायचं… गेलं माणूस."

"आणि तोवर?"

बकारी हसला नाही. "तोवर ती जागा मोकळी नसते. मीही."

शुभ्राने खाली बघितलं. खरंच, आपण का येतो इथे दर शुक्रवारी? हे तिला तेव्हा नीट कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. जिवंत बाईशी भांडता येतं. वाळूतल्या पावलांशी काय भांडणार…

*

तरी हसणं होतंच. बकारीने एकदा भोंडल्याबद्दल विचारलं. फेराच्या मधे काय असतं तुमच्या?

"हत्ती."

"खरा?"

"पाटावर काढलेला."

त्याने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही दुबईत, बिल्डिंगच्या गच्चीवर, हत्तीभोवती नाचता. आणि पिसांचा घागरा मला?"

शुभ्रा इतकी हसली, की गनीचाचा दारातून डोकावून गेले. हसता हसता तिचा हात त्याच्या मनगटाला लागला. तिने काढून घेतला नाही. त्यानेही नाही. मग रिकाम्या जागेजवळ ठेवलेला आठवा कप बशीत आपोआप किणकिणला, आणि दोघांनीही हात मागे घेतले.

शाळेत वेगळंच चाललं होतं. फळ्याकडून टेबलाकडे जाताना तिची उजवी टाच दोनदा टेकायची. तिला कळतही नसे. पहिल्या बाकावरच्या अथर्वने एकदा विचारलं, "मिस, व्हाय आर यू वॉकिंग ट्वाइस?" सगळा वर्ग हसला. शुभ्रा हसली नाही.

पण त्याच दिवशी तिला एक गोष्ट सुचली. लहान मुलांना नाच शिकवताना ती खडूने जमिनीवर पावलं काढायची. लाल खडू म्हणजे डावं, निळा म्हणजे उजवं. मुलं पावलांवर पावलं ठेवत जायची आणि नकळत नाच यायचा. मग नेएमाच्या पावलांचं काय? आपण सगळे ती बघून घाबरतो आणि झाडून टाकतो. ती वाचायची असली तर?

त्या शुक्रवारपासून फेर थांबला, की वाळू झाडायच्या आधी शुभ्रा वहीत पावलं उतरवू लागली. लाल, निळं. दर वेळी दोन-तीन पावलं नवी असायची, आदल्या शुक्रवारी जिथे सुटली तिथून पुढची. बकारी वही घेऊन वाळूजवळ बसला. मग उठून ती पावलं नाचला, एकदा, दोनदा.

"ही तिचीच चाल आहे," तो म्हणाला. "मिस, तुम्हाला ती कशी काय शिकवते?"

"मी शिकवणारी आहे ना. आम्हाला एकमेकींचं कळतं."

हे बोलताना तिचा आवाज अगदी सहज होता. आत मात्र काहीतरी तुटत होतं. एका मेलेल्या बाईला ती तिचा माणूस परत जोडून देत होती, पाऊल पाऊल.

*

फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस वाळूचं वादळ चाललं. शुक्रवारी ते निवलं तेव्हा शेडच्या फटींतून शिरलेली वाळू जमीनभर पसरली होती. फेर झाला. सगळे चहाला बाहेर गेले. शुभ्रा वही घेऊन वाकली.

आज पावलं जागेवर थांबलेली नव्हती. ती फेराबाहेर पडून दाराकडे गेली होती. आणि एकटी नव्हती. अरुंद पावलांच्या शेजारून दुसरी रुंद पावलं चालली होती. डाव्या पायाला चार बोटं.

बकारी तर फेर सोडून हललाच नव्हता. तिने स्वतः पाहिलं होतं.

तिने सगळं उतरवलं. मग झाडू घेऊन दारापर्यंतची वाळू स्वतःच झाडून काढली. आणि बकारी आत येऊन "आज काय म्हणाली?" असं विचारू लागला, तेव्हा ती म्हणाली, "आज काही नाही."

आयुष्यात ती क्वचितच खोटं बोलली होती. ते खोटं तिने आठवडाभर दप्तरात वागवलं. पान दाखवलं, तर नेएमा त्याला घेऊन जाणार. नाही दाखवलं, तर नाच कधीच पुरा होणार नाही, पण त्यासाठी तो करार वाढवून इथे राहील. पिसं लावून का होईना, राहील. तिला जेवण जाईना.

गुरुवारी संध्याकाळी घरी पाहुणे आले होते. बाबांचे ऑफिसातले मित्र वासुदेवकाका आणि त्यांच्या मिसेस. आठ वाजता "निघतो" म्हणाले आणि दारात उभं राहून पाऊण तास बोलत बसले. भिशीचं, व्हिसाचं, पुण्यातल्या फ्लॅटचं. शेवटी बाबा पायात चपला सरकवून त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेले, तेव्हा कुठे ते गेले.

आई, सुचित्राबाई, कपबशा गोळा करत पुटपुटल्या, "नेहमीचंच आहे. पोचवायला कोणी उठलं नाही, तर माणसाचा पाय दारातून निघत नाही."

शुभ्रा तशीच उठली आणि खोलीत जाऊन वही उघडली.

ते पान तिने भीतीने काढलं होतं, बघितलं नव्हतंच. अरुंद पावलं उंबऱ्यापलीकडे गेली होती. रुंद पावलं अकरा होती, आणि उंबऱ्याशी संपली होती. शेवटची दोन शेजारीशेजारी, टाचा जुळवलेली. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बाबा उभे राहतात, अगदी तशी.

नेएमा त्याला न्यायला आली नव्हती. तिला पोचवायलाच कोणी गेलं नव्हतं.

*

बकारीने पान पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"हे मागच्या शुक्रवारचं आहे," तो म्हणाला. "लपवलंत का?"

"भीती वाटली."

"तिची?"

"नाही." शुभ्राने मान वर केली. "तुम्ही जाल याची."

 तिच्या वहीवर पडलेला वाळूचा कण त्याने बोटाने अलगद बाजूला केला… आणि त्या एवढ्याशा गोष्टीने तिचे डोळे भरून आले.

मग तो म्हणाला, की हे दार तिचं दार नव्हे. तिचं दार समुद्र आहे, आणि तोही पूर्वेचा. खोर फक्कानचा समुद्र सरळ किल्व्याला जातो. त्याच वाटेने वासे यायचे.

मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी दोन गाड्या डोंगर ओलांडून खोर फक्कानला निघाल्या. एकीत नाचणारे, दुसरीत शुभ्रा, किटली मांडीवर घेतलेले गनीचाचा आणि गाडी चालवणारे बाबा. मुलीला एकटी सोडणार नाही म्हणून ते नाराजीनेच आले होते. हा नाच पुढे मोठमोठ्या रंगमंचांवर झाला. पण पहिला प्रयोग पाहायला एवढीच तीन माणसं होती.

दुपार कलली होती. बंदरातल्या क्रेन दूरवर निश्चल उभ्या होत्या. वारा पडलेला, समुद्र काचेसारखा, आणि किनाऱ्यावर एक पक्षीसुद्धा नव्हता. सात जणांनी फेर धरला. रिकाम्या जागी वाळू चाळून पसरली. नाच सुरू झाल्यावर फेर मोडायचा नाही, कोणी बोलायचं नाही, हा रिवाज. फेराबाहेर वही घेऊन शुभ्रा एकटी उभी.

नाच शेवटाशी आला. बकारी फेरातून बाहेर पडला आणि पाण्याकडे चालू लागला, टाच दोनदा टेकवत. शुभ्रा मनात मोजत होती. एक. दोन. त्याच्या शेजारच्या ओल्या वाळूत, कोणी नसताना, अरुंद ठसे उमटत होते आणि त्यांत पाणी भरत होतं. पाच. सहा. गनीचाचांच्या ओठांवर दुआ होती. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. दहा. अकरा.

आता थांबायचं होतं.

बकारी थांबला नाही.

बारा. तेरा. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं. त्याचा उजवा हात कोणीतरी धरल्यासारखा पुढे ओढलेला दिसत होता. चौदा. मांड्यांपर्यंत. फेरातले सहा जण नाचत राहिले. त्यांचे चेहरे ओले झाले, पण फेर सोडायची त्यांना मुभा नव्हती.

शुभ्राने वही मिटली. ती ओरडली नाही. वर्गात एखादं मूल मोजता मोजता भरकटलं, की ज्या आवाजात ती त्याला परत आणायची, त्याच आवाजात म्हणाली,

"बकारी, अकरा झाली."

तो थबकला.

"पोचवायचं दारापर्यंतच असतं. पुढे तिची ती जाते. जाऊ दे तिला… आणि तू थांब."

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. पाण्यात उभा राहून त्याने दोन्ही टाचा जुळवल्या. त्याचा पुढे ओढलेला हात हळूहळू मोकळा झाला आणि खाली आला. काचेसारख्या त्या पाण्यावर एक बारीकशी रेघ उमटली. कोणी सरळ चालत जावं तशी ती पूर्वेकडे गेली, लांब गेली, दिसेनाशी झाली.

मग वारा सुटला.

बकारी परतला तेव्हा फेर थांबला होता. सगळे खाली बघत होते. आठव्या जागची वाळू ताटासारखी सपाट होती.

तो शुभ्रासमोर येऊन उभा राहिला. कपडे निथळत होते, दात वाजत होते.

"मिस," तो म्हणाला, "ती जागा आता मोकळी आहे."

पहिल्या दिवशी न विचारता त्या जागेत घुसलेली शुभ्रा आज जागची हलली नाही.

"कोणासाठी?"

"ज्या मुलीला फेर अपुरा बघवत नाही, तिच्यासाठी." त्याने हात पुढे केला. "पण हात धरायचे, असं तुमच्यात असतं म्हणे."

तिने चपला काढल्या. वाळू उन्हाने चांगली तापलेली होती.

पुढे वर्षभरात बकारीचा स्वतःचा नाचगट झाला, आधी शारजात, मग देशोदेशी. कार्यक्रमपत्रिकेत नृत्यरचनेपुढे दोन नावं छापलेली असत, नेएमा आणि बकारी. आणि खाली बारीक अक्षरात, मोजणी: शुभ्रा. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सदानंदराव बराच वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले. मग लेकीला म्हणाले, "याला पुढच्या गुरुवारी जेवायला बोलाव. लिफ्टपर्यंत पोचवायला मात्र मी येणार नाही. ते तुझं तू बघ."

गनीचाचांनी वाळूत ट्रे ठेवला आणि सवयीने आठ कप ओतले. सात जणांनी सात उचलले. आठवा तसाच राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते, कोणी हात लावेना.

शुभ्राने तो उचलला, ओठाला लावला, आणि तिची जीभ पोळली.